घर राखायला बंदूक हवी, कमरेला पिस्तूल नव्हे

शस्त्र परवान्याच्या अर्जात दोन गोष्टी लिहाव्या लागतात: शस्त्र कशासाठी हवं आणि कोणतं हवं. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, स्वतःचं आणि कुटुंबाचं संरक्षण. दुसऱ्याचंही आता ठरून गेलं आहे, रिव्हॉल्व्हर नाहीतर पिस्तूल. ही दोन उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला खरोखर घर राखायचं आहे त्याचं शस्त्र म्हणजे लांब नळीची, बारा बोअरची बंदूक (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप). ती घरात राहते, घरातच उपयोगी पडते आणि लग्नाच्या वरातीत किंवा ग्रामपंचायतीच्या बैठकीत शर्टाखाली लपवून नेता येत नाही. आपल्या कायद्याने हा फरक 1959 सालीच ओळखला होता. आपण मात्र तो विसरलो, आणि त्याची किंमत आता गावोगाव दिसू लागली आहे.

आधी एक मान्य करू. भीती खरी आहे. शहरात राहून शस्त्रांना सरसकट नाकं मुरडणाऱ्यांनी एकदा शेतातल्या वस्तीवर रात्र काढून बघावी. गाव दोन-तीन किलोमीटरवर, रस्ता पाणंदीचा, पावसाळ्यात चिखलाचा. रोहित्र जळालं तर चार-चार दिवस अंधार. ऊसतोडीच्या हंगामात घरातली कर्ती माणसं कारखान्यावर गेलेली, मागे म्हातारा-म्हातारी आणि शाळेत जाणारी पोरं. 2001 साली पाथर्डी तालुक्यातल्या कोठेवाडीत दरोडेखोर शिरले तेव्हा त्यांनी नुसती लूट केली नाही, घरातल्या बायकांवर अत्याचार केले. नगर-बीडच्या पट्ट्यात ते नाव आजही हळू आवाजात घेतलं जातं. अशा ठिकाणी राहणारा माणूस बंदूक मागत असेल तर त्याला मागासलेला किंवा हिंसक ठरवण्याचा अधिकार कुणालाही नाही. पोलीस ठाण्याची गाडी अर्ध्या-पाऊण तासाने पोहोचणार हे त्याला आणि दरोडेखोरालाही ठाऊक असतं.

कायदाही या माणसाच्या बाजूने आहे. भारतीय दंड संहितेत खासगी संरक्षणाचा हक्क कलम 96 ते 106 मध्ये होता. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम 34 ते 44 मध्ये आला आहे. त्यातलं कलम 41 मालमत्तेच्या रक्षणासाठी जीव घेण्यापर्यंत कधी जाता येतं ते सांगतं: जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतली घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, आणि मृत्यू किंवा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती निर्माण करणारी चोरी किंवा गृहअतिक्रमण. 2010 साली दर्शन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेही सांगितलं, की हल्ला होत असताना पळून जाणं हे काही नागरिकाचं कर्तव्य नाही.

पण न्याय संहितेच्या त्याच प्रकरणात कलम 37 आहे, आणि बंदूक मागणाऱ्या प्रत्येकाला ते पाठ हवं. संरक्षणासाठी जेवढी लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्कच उरत नाही. याचा सरळ अर्थ असा, की कुंपणावरून उडी मारून पळणाऱ्या चोराच्या पाठीत झाडलेली गोळी बचाव ठरत नाही. मोटारीचा पाइप चोरणाऱ्यावर, कांदाचाळीत हात घालणाऱ्यावर, बांधावरून भांडणाऱ्या चुलतभावावर उचललेली बंदूकही ठरत नाही. गावाकडे सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. परवाना मिळाला म्हणजे गोळी झाडण्याची मुभा मिळाली, असं धरून चाललेली बरीच माणसं मला भेटली आहेत. परवाना शस्त्र बाळगण्याचा असतो. गोळी झाडलीच तर ती का झाडली, याचा जाब कोर्टात पहिल्यापासून द्यावा लागतो.

आता शस्त्राच्या निवडीकडे. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत 1878 साली दोन कायदे आले. एकाने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांचं तोंड बांधलं, दुसऱ्याने भारतीयांच्या हातातलं शस्त्र काढून घेतलं. युरोपियनांना त्या शस्त्र कायद्यातून सूट होती, हा अपमान लोकांच्या मनात खोल रुतला. 1918 साली गांधीजींनीही एका पत्रकात लिहिलं, की सबंध राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा ब्रिटिश राजवटीच्या कृत्यांमधलं सर्वांत काळं कृत्य म्हणून इतिहासात गणला जाईल. शस्त्रांच्या बाजूने बोलणारे ते वाक्य आज हमखास वापरतात. ते पत्रक सैन्यभरतीसाठी होतं, घरोघरी पिस्तूल असावं म्हणून नव्हतं, एवढं मात्र सांगायचं राहून जातं.

स्वतंत्र भारताने 1959 चा शस्त्र कायदा केला तो ही जुनी जखम लक्षात ठेवून. सामान्य, सरळ वागणुकीच्या नागरिकाला स्वसंरक्षणासाठी परवान्यावर शस्त्र मिळावं हा त्याचा एक उद्देश होता. त्यातलं कलम 13 नीट वाचण्यासारखं आहे. किमान वीस इंच लांबीच्या, गुळगुळीत नळीच्या बंदुकीसाठी संरक्षण किंवा खेळ या कारणाने नागरिकाने अर्ज केला, तर परवाना अधिकाऱ्याने तो द्यावा, असं हे कलम म्हणतं. पिकांच्या राखणीसाठी ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या बंदुकीचंही तसंच. पार्श्वभूमी, मानसिक स्वास्थ्य, सार्वजनिक शांतता या कारणांनी नकार देता येतो, ती तरतूद पुढच्या कलमात आहे. बाकी शस्त्रांसाठी, म्हणजे रिव्हॉल्व्हर-पिस्तुलासाठी, निकष वेगळा: अर्जदाराकडे योग्य कारण आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दोन वेगळी चित्रं होती. लांब बंदूक ही घराची, शेताची गोष्ट. आखूड शस्त्र हा अपवाद, विशेष कारणासाठीच.

हा भेद नुसता कागदी नाही, तो शस्त्राच्या घडणीतूनच आला आहे.

माझ्या मामांच्या घरी दुनळी होती. आतल्या खोलीत लाकडी कपाटात, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली, काडतुसं दुसऱ्या पेटीत, आणि त्या पेटीची किल्ली मामीच्या कमरेला. बंदूक हातात घेतली की मामा सगळ्यात आधी ती मोडून उघडायचे आणि दोन्ही नळ्यांतून पलीकडचा उजेड दिसतो का ते बघायचे. आम्हालाही दाखवायचे. दुनळीची खुबी हीच. ती रिकामी आहे की भरलेली, हे उघडल्याबरोबर डोळ्यांना दिसतं, मुलालाही कळतं. पिस्तुलात तसं नाही. मॅगझिन काढलं तरी एक गोळी नळीच्या मागच्या कप्प्यात राहिलेली असू शकते, आणि ‘रिकामं आहे’ असं समजून चाप ओढल्याने जगभर किती माणसं मेली असतील याची गणती नाही. रिव्हॉल्व्हर त्यापेक्षा बरं, पण भरलेलं ठेवायची सवय त्यालाच जास्त. ऑक्टोबर 2024 मध्ये अभिनेते गोविंदा यांच्या पायात पहाटे घरीच गोळी घुसली, ती त्यांच्या स्वतःच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून. बाहेर निघण्याच्या तयारीत रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हे झालं. घरात दुसरं कुणी समोर असतं तर काय झालं असतं, याचा विचार त्या बातमीनंतर प्रत्येक परवानाधारकाने करायला हवा होता.

नेमाचं म्हणाल तर फरक आणखी मोठा. लांब बंदुकीचा दस्ता खांद्याला टेकतो, दोन्ही हात तिला धरतात, नळी लांब असल्याने थरथर कमी जाणवते. हातातल्या आखूड शस्त्राला फक्त मनगटाचा आधार. जो महिन्यातून एकदाही नेमबाजीच्या रेंजवर जात नाही, त्याने रात्री दोन वाजता, झोपेतून उठून, छातीत धडधड होत असताना .32 बोअरचं रिव्हॉल्व्हर रोखलं तर गोळी कुठे जाईल हे सांगता येत नाही. आपल्याकडे सर्वसामान्य नागरिकाला 9 मिलिमीटरसारख्या प्रतिबंधित बोअरची शस्त्रं मिळत नाहीत, म्हणून बाजारात .32 बोअरचाच बोलबाला आहे. त्या बोअरची ताकद बेताची आहे, अशी शस्त्रं बाळगणाऱ्यांचीच तक्रार असते. म्हणजे नेम धरायला अवघड, परिणामाला बेताचं आणि अपघाताला सोपं, असं शस्त्र आपण घराच्या रक्षणासाठी सव्वा-दीड लाख रुपये मोजून विकत घेतो.

काडतुसांचाही विचार याच अंगाने करावा लागतो. बारा बोअरमध्ये एलजी, एसजी ही मोठ्या छऱ्यांची काडतुसं येतात, त्यात छरे मोजके पण जड. नंबर वाढत जातो तसे छरे बारीक होतात आणि संख्येने वाढतात. वस्तीवरच्या घराच्या भिंती कशाच्या आहेत ते आधी बघा. पत्रा, फळ्या, प्लायवूड यांतून पिस्तुलाची गोळी सहज पलीकडे जाते, एलजी-एसजीचे छरेही जातात, आणि पलीकडच्या खोलीत आपलीच मुलं झोपलेली असतात. बारीक छऱ्याचा जोर अडथळ्यामागे लवकर ओसरतो. म्हणून दाट वस्तीच्या घरात मोठा छरा भरून ठेवण्याचा हट्ट धरणारा माणूस फक्त समोरच्या चोराचा विचार करत असतो, भिंतीपलीकडच्या माणसांचा नाही. छऱ्याची बंदूक म्हणजे नेमाची गरज नाही, ही समजूतही खोटी आहे. पंधरा फुटांच्या खोलीत छरे जेमतेम मुठीएवढ्या जागेत लागतात. तिथे नेम चुकला तर सगळेच चुकतात.

बारा बोअरची ‘शक्तिमान’ नावाची काडतुसं खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. तो कारखाना 1869 चा, ब्रिटिशांच्या काळापासून पुण्यात आहे, आणि 2021 मध्ये आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या तेव्हा दारूगोळ्याच्या कंपनीचं मुख्यालयही पुण्यातच आलं. मामांच्या पेटीत तीच काडतुसं होती, कागदी नळीची. एका पावसाळ्यात ती दमट हवेने फुगली आणि नळीत जाईनात. मामांनी ती सगळी बाजूला काढली आणि पुढच्या वेळी पेटीत कोळशाचा तुकडा ठेवला. जी बंदूक वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही, जिची काडतुसं कुणी बदलत नाही, ती संकटाच्या वेळी चालेलच याचा भरवसा नसतो. परवाना घेताना याचा विचार करणारे फार थोडे.

मग सगळ्यांना पिस्तूलच का हवं असतं? कारण ते दिसतं. खरं सांगायचं तर बऱ्याचदा ते दिसावं यासाठीच घेतलेलं असतं. 9 डिसेंबर 2024 रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि बीड जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांकडे सगळ्या राज्याचं लक्ष गेलं. एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने असल्याचं समोर आलं. हवेत गोळीबार करतानाचे, कमरेचं शस्त्र मिरवतानाचे व्हिडिओ लोकांनी पाहिले. छाननी झाली आणि शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. ही छाननी एका खुनाआधी का झाली नाही, हा प्रश्न त्या जिल्ह्यातल्या लोकांनी तेव्हाही विचारला.

बीडला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. 2 फेब्रुवारी 2024 रोजी उल्हासनगरच्या हिल लाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात, तत्कालीन आमदाराने आपल्या राजकीय प्रतिस्पर्ध्यावर गोळ्या झाडल्या. सहा दिवसांनी मुंबईत बोरिवली-दहिसर भागात माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची फेसबुकवर थेट प्रक्षेपण चालू असताना हत्या झाली, आणि ते पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावर परवाना असलेलं निघालं. दोन्ही ठिकाणी चोर नव्हता, दरोडा नव्हता. कमरेला शस्त्र होतं आणि समोर ज्याच्याशी वैर आहे तो माणूस होता. लांब नळीची बंदूक खांद्यावर टाकून कुणी पोलीस ठाण्यात किंवा कार्यालयात गेला असता तर दारातच अडवला गेला असता.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी हलका मानत नाही. घरातली बाई एकटी असेल, तिला साडेतीन किलोची बंदूक झेपेल का? अरुंद खोलीत लांब नळी वळवता येईल का? 2012 च्या दिल्लीतल्या घटनेनंतर कानपूरच्या कारखान्याने 2014 मध्ये ‘निर्भीक’ नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर खास स्त्रियांसाठी म्हणून आणलं. वजन अर्धा किलो, किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या आसपास. हेतू चांगला असेल. पण ज्या बाईला खरंच गरज आहे तिच्याकडे सव्वा लाख नसतात. आणि स्त्रियांवरच्या हिंसेतला मोठा भाग घरातल्या, ओळखीच्या माणसाकडून होतो, तिथे कपाटातलं शस्त्र कुणाच्या हातात जास्त लवकर येईल हे सांगायला नको. वजनाचं म्हणाल तर कळशा आणि मोळ्या वाहणाऱ्या बाईला साडेतीन किलो जड होत नाहीत. खांद्याला बसणारा धक्का मात्र खरा आहे, तो सवयीने सोसता येतो किंवा लहान बोअर निवडून कमी करता येतो. अरुंद खोलीचा मुद्दाही बरोबर आहे, पण घर शोधत फिरण्यासाठी बंदूक नसतेच. आतल्या खोलीत सगळ्यांना एकत्र घ्यायचं, दाराला कडी लावायची, 112 ला फोन लावून चालू ठेवायचा, मोठ्याने सांगायचं की पोलिसांना कळवलंय आणि आत बंदूक आहे, आणि दारावर नळी रोखून बसायचं. एवढंच तिचं काम. कोपऱ्याकोपऱ्यांतून शस्त्र पुढे धरून चालत जाणं हे सिनेमातलं आहे, आणि त्यात अंधारात पाणी प्यायला उठलेला आपलाच मुलगा समोर येतो.

अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये हा प्रश्न आता रोजचा झाला आहे. भारतीयांच्या घरी सोनं असतं हे तिथल्या चोरांनाही माहीत आहे, आणि टेक्ससमधल्या शेजाऱ्याकडे तीन-चार बंदुका असणं नवलाचं नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या हेलर निकालानंतर घरात स्वसंरक्षणासाठी हँडगन, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, बाळगणं हा तिथे व्यक्तीचा घटनात्मक हक्क आहे. आपल्याकडे तसा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये पुन्हा सांगितलं. पण हक्क असला तरी शहाणपण कशात आहे हा प्रश्न उरतोच. कॅलिफोर्नियातल्या लाखो माणसांच्या नोंदींवरचा 2022 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की हँडगन असलेल्याबरोबर एका घरात राहणाऱ्यांचा हत्येत मृत्यू होण्याचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा दुप्पटीहून अधिक निघालं, आणि जोडीदाराकडून गोळीने मरण्याचं प्रमाण तर सातपट. त्याआधी 2020 मध्ये संशोधकांच्या त्याच गटाने दाखवलं होतं, की हँडगन बाळगणाऱ्या पुरुषांमध्ये बंदुकीने आत्महत्या करण्याचं प्रमाण आठपट आणि स्त्रियांमध्ये पस्तीसपट आहे. ज्या विदर्भ-मराठवाड्यात कर्ज आणि नापिकीने घरं उद्ध्वस्त झाली, तिथे हा आकडा वाचून मन थांबतं. वाईट रात्री हाताशी काय आहे, यावर माणूस सकाळ बघेल की नाही हे ठरू शकतं. एप्रिल 2023 मध्ये कॅन्सस सिटीत भावांना आणायला गेलेला सोळा वर्षांचा राल्फ यार्ल चुकून दुसऱ्याच घराची बेल वाजवून गेला आणि आतल्या म्हाताऱ्याने दारातूनच त्याच्या डोक्यात गोळी घातली. पोरगा वाचला. त्या म्हाताऱ्याच्या मनातही घराचं रक्षणच होतं.

आपल्याकडे ही भीती कशी पसरते ते आपण पाहिलं आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षा मागणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. 2020 मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात तीन जणांचा तसाच बळी गेला. 2024 च्या पावसाळ्यात मराठवाड्यात रात्री ड्रोन फिरतात, चोर आधी टेहळणी करतात, अशी चर्चा उठली आणि गावंच्या गावं काठ्या घेऊन जागी राहिली. त्या रात्री रस्ता चुकलेला, भाषा वेगळी असलेला, कपडे मळके असलेला कुणी वाटसरू वस्तीवर आला असता आणि दहा घरांत पिस्तुलं असती, तर काय झालं असतं? म्हणून कोणत्या घरात बंदूक द्यायची हे भीतीच्या दिवसांत ठरवता कामा नये. जुन्नर-शिरूर पट्ट्यात बिबट्याच्या हल्ल्यांनंतर बंदुकीची मागणी वाढली, तिथेही हेच लागू. जीव वाचवताना वन्यप्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही हे 1972 च्या वन्यजीव कायद्यात आहेच, पण उसाच्या फडात हलणाऱ्या पानांवर बार टाकणाऱ्याला पलीकडे खुरपणारी बाई दिसत नसते.

मग परवाने बंदच करावेत का? नाही. मला उलट वाटतं. खरी गरज असलेल्याला ते आज मिळत नाहीत, हाच मोठा अन्याय आहे. शस्त्र कायद्याचं कलम 14 म्हणतं, की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येणार नाही. प्रत्यक्षात कोणाकडे परवाने आहेत ते कोणत्याही तालुक्यात चौकशी करून बघा: ठेकेदार, वाळूवाले, बिल्डर, पुढाऱ्यांच्या मागे फिरणारी मंडळी. रानातल्या वस्तीवरचा दीड एकरवाला त्या यादीत सापडत नाही. कारण कायद्यातलं त्याचं स्थान वरचं असलं तरी फाइल पुढे सरकवणारं माणूस त्याच्याकडे नसतं. कोकणात आणि गोव्यात शेतीच्या राखणीसाठी पिढ्यान्‌पिढ्या ठासणीच्या नाहीतर एकनळी बंदुका आहेत. पलीकडे कर्नाटकातल्या कोडगूमध्ये कोडवा समाजाला परवान्यातून सूट आहे. तिथे बंदूक देवघरासारखी घरात असते, सणाला तिची पूजा होते. तिथल्या शस्त्रांबद्दल आपण बीडसारखं बोलत नाही, कारण ती शस्त्रं घराची आहेत.

परवान्याची सत्ता आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्तांकडे आणि बाकी ठिकाणी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे आहे. शस्त्र हा विषय केंद्राचा असल्याने कायदा मुंबईत बदलता येत नाही, पण तो कसा वापरायचा हे इथेच ठरतं. घराचं संरक्षण हे कारण असेल तर आधी लांब नळीच्या बंदुकीचाच विचार व्हावा, आणि पिस्तूल मागणाऱ्याने ते घराबाहेर का लागतं याचं वेगळं, तपासता येणारं कारण द्यावं. धमकीची नोंद, साक्षीदार असणं, रोकड नेण्याचा व्यवसाय, अशी कारणं खरीही असतात, त्यांना वाट असावी. 2016 च्या शस्त्र नियमांनी प्रशिक्षणाचं आणि वैद्यकीय तपासणीचं प्रमाणपत्र मागितलं आहे. ते प्रमाणपत्र नुसता शिक्का राहू नये. अर्जदाराने अधिकाऱ्यासमोर बंदूक उघडून, रिकामी करून, भरून दाखवावी आणि ठरलेल्या अंतरावर नेम धरून दाखवावा. घरात ती कुठे राहणार, कुलूप कोणतं, काडतुसं कुठे, हे बघायला पोलीस पाटलाबरोबर कुणीतरी घरी जावं. पत्नीला आणि सज्ञान मुलांना विचारावं, तुम्हाला हे घरात चालणार आहे का. हा प्रश्न आज कुणी विचारत नाही.

आणि बंदुकीच्या आधी बाकीचं. दाराला आतून लोखंडी पट्टी, अंगणात सौरदिवा, भुंकणारी दोन कुत्री, ग्रामसुरक्षा यंत्रणेत नोंदवलेला नंबर, ज्यावरून एक फोन केला की सगळ्या गावाचे मोबाइल एकदम वाजतात. हे सगळं मिळून बंदुकीच्या दहाव्या हिश्शाच्या खर्चात होतं. वस्त्यांवरचे लोक मला सांगतात, की दरोडेखोर उजेडाला आणि गलक्याला भितात. ग्रामपंचायतीच्या निधीतून वस्त्यांवर दिवे लावण्याचा ठराव कितीतरी गावांत पडून आहे.

शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. आनंदाच्या भरात हवेत गोळ्या झाडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखभर दंड आहे. पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी प्रत्येक परवानाधारक अधिकाऱ्याच्या दारात येतोच. त्या दिवशी त्याच्या मूळ अर्जातलं कारण काढून त्याच्यासमोर ठेवावं: घरासाठी शस्त्र घेतलंस, मग ते कमरेला का आहे? ज्याला याचं उत्तर देता येणार नाही त्याचं पिस्तूल जमा करून घ्यावं, घर खरंच धोक्यात असेल तर त्याला बंदुकीचा अर्ज करू द्यावा. बीडमध्ये ही छाननी एका सरपंचाच्या खुनानंतर झाली. बाकीच्या पस्तीस जिल्ह्यांत ती आधी करणं आजही शक्य आहे.